कवी निशिगंध यांची पैज

संक्रांतीनंतरचा पहिला रविवार, संध्याकाळी साडेपाच. जागा, साताऱ्यातल्या आमच्या कॉलनीतला माझा व्हरांडा. पैजेची रक्कम, एक किलो कंदी पेढे. हजर माणसं तीन : निवृत्त सुभेदार यशवंतराव, कवी निशिगंध आणि पंच म्हणून मी. आत हॉलमध्ये हळदीकुंकू चालू होतं. तिथल्या बायकांना आम्ही हजर धरलं नाही, कारण आमचं बोलणं त्यांना ऐकू जात नाही असा आमचा समज होता.

कवी निशिगंध म्हणजे आमच्या शेजारचे माधवराव. कॉलनी त्यांना आबा म्हणायची. मूळचे कुंडलचे, पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक म्हणून नोकरी केली आणि निवृत्त झाल्यावर साताऱ्यात घर बांधलं. स्वतःच्या खर्चाने तीन कवितासंग्रह काढले. तिन्ही प्रेमाचे. उरलेल्या प्रती पलंगाखाली होत्या. 'माझं साहित्य गादीला आधार देतं, इतकं तरी कुणाचं देतं?' असं ते स्वतःच म्हणायचे. आता दोन वर्षं झाली, ते आणि त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकू, सांगलीला लेकीकडे राहतात. शेजारच्या घराला कुलूप आहे आणि कॉलनीत कुणी कुणाला रस्त्यात थांबवत नाही.

आबा थांबवायचे. उंच, सडपातळ, अंगात पांढरा झब्बा, आणि छत्री तिन्ही ऋतूंत. संध्याकाळी चार भिंतीच्या टेकडीकडे फिरायला निघाले की वाटेत जो भेटेल त्याचा दंड धरून म्हणायचे, "थांबा, संध्याकाळ होतेय." एकदा चालती रिक्षा त्यांनी अशी थांबवली. रिक्षावाला मुलगा वैतागला. "काका, संध्याकाळ रोजच हुती की!"

"अरे, मग तू रोजच चुकवतोस!" आबा म्हणाले.

मी एका कारखान्यात हिशेबाचं काम करतो. कविता मला कळत नाहीत, पण शेजारधर्म म्हणून मी त्यांचे तिन्ही संग्रह वाचले. वाचताना सवयीने पेन्सिलीच्या खुणा करत गेलो. नंतर त्यांना स्पष्टच सांगितलं, "आबा, पहिल्याच संग्रहात एकेचाळीस चंद्र निघाले. जरा जास्त होत नाहीत का?"

आबांनी गंभीरपणे विचार केला. "तुम्ही अमावस्या वजा केल्या का?"

त्यांच्याशी वाद घालणं अवघड होतं ते यामुळे. ते चिडत नसत. तुमचंच माप घेऊन तुम्हालाच मोजून टाकत. विचारवंत म्हटलेलं त्यांना कवी म्हटल्यापेक्षा जास्त आवडायचं, पण त्यांचे विचार कधी पुस्तकात आले नाहीत, ते सगळे फाटकावर उभं राहून बोललेले. 'चालताना येतो तो विचार, बसल्यावर येते ती झोप.' 'माणसाला दोन गोष्टी सांगून पटत नाहीत, स्वतःचं घोरणं आणि दुसऱ्याचं प्रेम.' आमच्या कारखान्यात संप झाला तेव्हा सगळे मला आकडे विचारत होते. आबांनी विचारलं, "कारखाना बंद असताना तिथली चिमणी काय करते हो?" मला ते त्या वेळी अगदी बावळटपणाचं वाटलं. दुसऱ्या दिवशी मात्र फाटकाशी उभा असताना मी चिमणीकडे बघितलं. धुराशिवाय ती बरीच उंच दिसत होती.

नोकरीतली त्यांची एक गोष्ट खात्यात अजून सांगतात. शेताला पाणी द्यायची पाळी संपल्यावर एका चारीचं, म्हणजे पोटकालव्याचं, दार बंद करायचं होतं. आबा दारापाशी गेले, तर पाण्यात पौर्णिमेचा चंद्र पडलेला. ते बघत बसले. पाणी पुढच्या शेतात गेलं, तिथल्या शेतकऱ्याचा ऊस फुकटात भिजला, आणि ज्याची पुढची पाळी होती त्याने तक्रार केली. साहेबांनी लेखी खुलासा मागितला. आबांनी लिहून दिलं, 'चंद्र पाण्यात होता. तो बाहेर पडेपर्यंत दार लावणं मला योग्य वाटलं नाही.' वेतनवाढ रोखली गेली. ही गोष्ट आबा सांगायचे तेव्हा शेवटी म्हणायचे, "पण साहेबांनी खुलाशावर शेरा मारला होता, 'वाचला.' माझ्या कवितेवरचा तो पहिला अभिप्राय."

काकू वडूजकडच्या. सरूबाई त्यांचं नाव. आबा म्हणायचे, "मी कालव्याच्या गावचा, ती दुष्काळी पट्ट्यातली. मी शब्द वाहू देतो, ती हंड्याने मोजून देते." ते खरंच होतं. आबांची दहा वाक्यं झाली की काकूंचं एक यायचं, आणि बहुतेक वेळा दहा वाक्यं त्यात बुडायची.

सांगलीला एका वाचनालयात आबांचं भाषण होतं, विषय स्वच्छंदतावाद. मी त्या दिवशी कामानिमित्त सांगलीत होतो म्हणून गेलो. श्रोते थोडे, त्यातले निम्मे पंख्याखाली बसायला आलेले. एका प्राध्यापकांनी उठून विचारलं, स्वच्छंदतावाद म्हणजे नेमकं काय, सोप्या शब्दांत सांगा. आबा म्हणाले, "कृष्णाकाठचं वांगं घ्या. वास्तववादी माणूस त्याला वांगं म्हणतो. स्वच्छंदतावादी माणूस त्याच्यात जांभळी संध्याकाळ बघतो. आणि आमची मंडळी ते हातात घेऊन म्हणते, किडकं हाय."

हशा झाला. पहिल्या रांगेत मांडीवर पिशवी घेऊन काकू बसल्या होत्या. हशा ओसरल्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, "किडकंच हुतं त्ये."

टाळ्या त्यांना जास्त पडल्या. परतीच्या एसटीत आबा मला म्हणाले, "बघितलंत? समीक्षक घरातच असल्यावर बाहेर कुणाला भ्यायचं?"

आता पैजेकडे येतो.

आमच्या कॉलनीत हळदीकुंकवाला उखाणे घ्यायची रीत आहे, आणि सगळ्या बायकांना उखाणे लिहून द्यायचे आबा. पुस्तकातले, चांदीच्या ताटातले जुने उखाणे त्यांना खपत नसत. प्रत्येकीला ते तिच्या नवऱ्याला बेतून नवा द्यायचे. आमच्या सुनंदाने त्या वर्षी घेतला तो असा :

'ताकात लोणी, दुधात साय,
प्रभाकरराव भांडणाचीही पावती मागतात, करू मी काय?'

हे अगदीच खोटं आहे असं मी म्हणणार नाही. सुभेदारांच्या विमलताईंना दिलेला जास्त लागला :

'शत्रूला भ्यायले नाहीत, छातीवर झेलला वारा,
यशवंतरावांना पाल दिसली की म्हणतात, अगं मार जरा!'

खिडकीतून हा उखाणा व्हरांड्यात आला आणि पाठोपाठ बायकांचं हसणं. सुभेदारांच्या मिशा थरथरल्या. तेवढ्यात आत कुणीतरी म्हणालं, "काकू, आता तुम्ही." आणि काकूंचा आवाज आला, "मी न्हाई घेत. लग्नात घेतलंय की एकदा."

सुभेदारांना हवं होतं ते मिळालं. "आबा," ते म्हणाले, "साऱ्या कॉलनीला उखाणे वाटताय, आणि घरचं राशन खाली? चाळीस वर्षांत वहिनींच्या तोंडून तुमचं नाव ऐकलं न्हाई कुणी. कागदावर प्रेम करायला काय जातंय गड्या? शाई."

आबा हसले, पण उशिरा हसले.

अटी ठरल्या. पुढच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवापर्यंत काकूंनी आपणहून उखाण्यात आबांचं नाव घेतलं तर सुभेदारांनी एक किलो कंदी पेढे द्यायचे. आबांनी काकूंना नाव घे म्हणायचं नाही, उखाणा लिहून द्यायचा नाही, पैजेचं सांगायचं नाही. आणि काकूंनी नाव घेतलं नाही, तर आबांनी यापुढे प्रेमावर एक ओळही लिहायची नाही.

मी हरकत घेतली. एका बाजूला पेढे, दुसऱ्या बाजूला कविता, असा व्यवहार बसत नाही. आबांनीही पेढेच द्यावेत.

"राहू द्या, प्रभाकरराव," आबा म्हणाले. "मी प्रेमावर लिहायचं सोडलं, तर जे उरेल ते किलोभर भरणार नाही."

काकू नाव का घेत नाहीत हे सुनंदाने मला पुढे कधीतरी सांगितलं. तरुणपणी पहिला संग्रह छापून आला तेव्हा आबांनी हौसेने तो काकूंना वाचून दाखवला होता. त्यात एक 'ती' आहे. हरणासारखे डोळे, केतकी रंग, पावलं अशी की गवत मोडत नाही. काकू सावळ्या, ठेंगण्या, आणि चालल्या की भांडी हलतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ही कोण?"

"कुणी नाही गं. कल्पनेतली."

"बरं," काकू म्हणाल्या. "मग नावबी तिलाच घ्यायला सांगा."

आणि चूल पेटवायला उठून गेल्या.

त्या वर्षी आबा घरात जे काही वागले, ते आम्ही भिंतीपलीकडून बघत आणि ऐकत होतो. लसूण सोलायला बसले. दळण आणायला स्वतः गेले, आणि येताना पिठाने पांढरे होऊन आले. काकूंची मालिका लागली की शेजारी बसायचे आणि खलनायिकेवर काकूंपेक्षा जास्त चिडायचे. आमटीला रोज वाखाणायचे. एकदा काकूंचा आवाज आला, "आवं, आज आमटी केलीच न्हाई. त्ये कढण हाय." आबा म्हणाले, "तरीच म्हटलं, आज काहीतरी वेगळं सुंदर आहे." मग काकूंनी विचारलं, "काय फोडलंय का घरात? खरं सांगा."

दिवाळीत त्यांनी आडवाटेने एक प्रयत्न केला. आम्ही सगळे त्यांच्याकडे फराळाला होतो. आबा सहज बोलल्यासारखं दाखवून म्हणाले, "काय गं, 'राव'ला यमक काय जुळेल?"

"भाव," काकू म्हणाल्या. "टोमॅटोचा ऐंशी झालाय."

सुभेदार ताटावरून उठले. "फाउल! पंच, ये गलत है!" मी दोन्ही बाजू ऐकल्या. यमक विचारणं म्हणजे नाव घे म्हणणं नव्हे, पण पुन्हा विचारू नये, असा निर्णय दिला. काकूंनी चकली वाढता वाढता विचारलं, "कसलं फाउल?" सुभेदारांनी तीन चकल्या एकदम तोंडात घातल्या.

मार्गशीर्षात आबा मावळायला लागले. फिरणं कमी झालं, फाटकावरची वाक्यं तोकडी झाली. एका सकाळी मी पेपर वाचत होतो, तर शेजारी येऊन बसले.

"प्रभाकरराव, ती काही नाव घ्यायची नाही."

"मग पैज मोडा," मी म्हणालो. "लेखी काही नाही."

"पेढ्यांचं काय घेऊन बसलात? सुभेदार म्हणाला ना, शाई. ते टोचतंय. तिच्यावर एक तरी नीट लिहावी म्हणून महिनाभर बसतोय. तिच्या हातांवर कविता लिहायला घेतो. दुसऱ्या ओळीला हात सोडून आकाशात जातो. सवय लागलीय. आता हरलो तर सोडीन लिहायचं, त्याला काही नाही. पण मग इतकी वर्षं जे लिहिलं ते कुणावर लिहिलं?"

मी त्यांना चहा दिला. त्यांनी तो निवू दिला.

पुढच्या संक्रांतीचं हळदीकुंकू पुन्हा आमच्याकडेच होतं. सुनंदाने वाणाला चहाच्या गाळण्या आणल्या होत्या. व्हरांड्यात आम्ही तिघं. सुभेदार इस्त्रीचा शर्ट घालून आले होते, जिंकायला आल्यासारखे. आबांनी छत्री गुडघ्यांत धरली होती.

आत उखाणे सुरू झाले. त्या वर्षी आबांनी कुणालाच लिहून दिले नव्हते, त्यामुळे पुन्हा चांदीची ताटं आणि रुप्याचे पेले आले. एकेक नाव होत गेलं. मग विमलताईंचा आवाज आला, "काकू, तुम्ही?"

आतल्या बांगड्याही वाजेनात. सुभेदारांनी माझ्याकडे बघून घड्याळावर बोट ठेवलं.

"घेती की," काकू म्हणाल्या. आणि खाकरून, शाळेत पाढा म्हणावा तशा सुरात :

'सोन्याची मिळाली न्हाई, न्हाई मोत्याची लेणी,
मनगट मोडल्यापासनं माधवराव घालत्यात माझी वेणी.'

आणि जरा थांबून साध्या बोलण्यात जोडलं, "वाकडी घालत्यात. पर घालत्यात."

काकू न्हाणीघरात घसरून पडल्या होत्या, त्याला तेव्हा तीन वर्षं झाली होती. मनगट सांधलं, पण हात डोक्यामागे जाईना, हे सुनंदाला माहीत होतं. पुढचं कुणालाच माहीत नव्हतं. आतल्या सगळ्या बायकांनी एकदम काकूंच्या पाठीकडे बघितलं असावं, कारण हसणं आधी एका कोपऱ्यातून आलं, मग सगळीकडून. मीही खिडकीतून बघितलं. वेणी डाव्या कानामागून निघाली होती, मध्ये एकदा जाड झाली होती, एकदा बारीक, आणि खाली काळ्या फितीची गाठ होती. तशी गाठ मी फायलींना बांधलेली बघितली आहे.

आबांकडे बघितलं तर त्यांचा चेहरा कानापर्यंत लाल. ज्या माणसाने तीन संग्रह भरून जगाला प्रेम सांगितलं, तो चोरी पकडल्यासारखा छत्रीच्या मुठीकडे बघत होता.

"खरं काय हे?" सुभेदारांनी विचारलं.

"सकाळी लवकर घालतो," आबा पुटपुटले. "मागचं दार लावून."

"आणि हे कधी लिहिलं न्हाई तुमी?"

"हे काय लिहायचं?" आबा खरोखरच गोंधळले होते. "वेणी आहे ती!"

एवढ्यात काकू दारात आल्या. हातात गाळणी, कपाळाला ठसठशीत कुंकू. "सुभेदार," त्या म्हणाल्या, "पेढं कवा आणताय?"

आम्ही तिघं एकमेकांकडे बघत राहिलो. पैज काकूंना पहिल्या दिवसापासून माहीत होती. खिडकी उघडी होती, आणि आतल्या बायकांना सगळं ऐकू गेलं होतं. वर्षभर कॉलनीतल्या प्रत्येक बाईला ती ठाऊक होती. माझ्या घरातसुद्धा.

"अगं, मग वर्षभर थांबलीस कशाला?" आबा म्हणाले. "माझा जीव टांगणीला!"

"आवं, घरात लय गोड वागत हुता," काकू म्हणाल्या. "लसूण सोलत हुता. चैतातच नाव घेऊन ते कशापायी घालवू?"

सुभेदार हसत सुटले. हरलेल्या माणसाला इतकं हसताना मी बघितलेलं नाही. हसून झाल्यावर त्यांनी आबांच्या पाठीवर थाप मारली. "लिहा आबा, आता वेणीवर लिहा. मी विकत घेतो पुस्तक."

आबा मान हलवत म्हणाले, "राहिलंय काय सुभेदार? तिनं दोन ओळींत माझे तीन संग्रह रद्दीत घातले. आणि यमक बघा कसलं साधलंय!" त्यांच्या आवाजात आता हार नव्हती. दुसऱ्याची चांगली ओळ ऐकल्यावर कवीच्या पोटात जे होतं, तेवढंच होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सुभेदार पेढे घेऊन माझ्या व्हरांड्यात आले. मी आतून काटा आणला. "डब्याचं वजन वजा करावं लागेल," म्हणालो.

"करा करा," आबा म्हणाले. "आणि पावतीही मागा."

पेढे बरोबर भरले. प्रश्न उरला कुणाला द्यायचे याचा. आबा म्हणाले, पैज माझी. सुभेदार म्हणाले, पैज तुमची, पण लढाई वहिनींनी मारली. पंच म्हणून मला विचारण्यात आलं. मी निर्णय दिला की अट काकूंनी पुरी केली, आबांनी वर्षभरात फक्त कढण वाखाणलं, सबब पेढे काकूंचे. हा माझा एकमेव निर्णय ज्याच्यावर सुनंदाने मान डोलावली.

काकूंनी डबा मांडीवर घेतला, दोरा दाताने तोडला आणि वाटप सुरू केलं. पहिला पेढा सुभेदारांना. "घ्या. हरणाऱ्याला आधी." दुसरा विमलताईंना, तिसरा सुनंदाला, चौथा मला. आबांनी हात पुढे केला.

"तुमची साखर वाढलीया," काकू म्हणाल्या.

"अगं, मी जिंकलोय!"

"कोण जिकलंय?"

आबांनी हात मागे घेतला नाही. काकूंनी एक पेढा उचलला, मोडला, मोठा तुकडा डब्यात ठेवला, मग आबांकडे बघून तुकडे बदलले. कवी निशिगंध यांना शेवटी मिळाला तो हा अर्धा पेढा, त्यातल्या त्यात मोठा. तो त्यांनी पायरीवर बसून, कुणालाही न थांबवता, बराच वेळ पुरवून खाल्ला, आणि मग बोटं चाटली.